फूड ट्रक : विसार देण्याआधीची गणितं

प्रश्न : मी आठ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये कुक आहे. आता स्वतःचा फूड ट्रक सुरू करायचं ठरवलंय. सोबत पत्नी असेल, आम्ही दोघंच. किचन बसवलेली एक जुनी गाडी पाहिली आहे, मालक पुढच्या आठवड्यात विसार मागतोय. मेनूत अकरा पदार्थ धरलेत : दोन प्रकारचे बर्गर, फ्रेंच फ्राइज, फ्राइड चिकन, नूडल्स, फ्राइड राइस, दोन सूप, सॅलड आणि दोन थंड पेयं. जनरेटर केवढा घ्यावा? पाण्याची टाकी किती लिटरची? गॅस किती लागेल? रोज किती प्लेट गेल्या म्हणजे धंदा तरेल? आणि सुरू करण्याआधी अजून काय काय करायला हवं?

उत्तर : तुमचे सगळे प्रश्न योग्य आहेत, फक्त क्रम उलटा झालाय. गाडी ही या धंद्यात सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट. मेनू ठरला की कोणती उपकरणं लागतील ते ठरतं. उपकरणांवरून वीज, गॅस आणि पाणी निघतं, त्यावरून वजन निघतं, आणि ते वजन पेलणारी गाडी शोधायची. तुम्ही गाडी आधी घेतलीत तर तिच्या मापात मेनू कोंबावा लागेल, आणि त्याची किंमत रोज मोजावी लागेल. म्हणून पुढचा आठवडा विसार देण्यात घालवू नका, खालची गणितं करण्यात घालवा. त्यानंतरही हीच गाडी बरोबर वाटली तर खुशाल घ्या.

सुरुवात मेनूपासून. कुक म्हणून अकरा पदार्थ तुम्हाला जड जाणार नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. हॉटेलात मात्र मागे भाज्या चिरणारा वेगळा असतो, भांडी घासणारा वेगळा, आणि ओटा लांबलचक. ट्रकमध्ये दोन माणसं, एक तवा, एक फ्रायर आणि दीड-दोन तासांची गर्दी. तेव्हा प्रश्न 'मला काय बनवता येतं' हा नाही, 'एका तासात किती प्लेट खिडकीतून बाहेर जातील' हा आहे.

तव्याचं उदाहरण घेऊ. ६० बाय ४५ सेंटिमीटरचा तवा आहे आणि बर्गरच्या एका पॅटीला, आजूबाजूची मोकळी जागा धरून, १३ सेंटिमीटर लागतात. म्हणजे एका वेळी चार गुणिले तीन, १२ पॅटी. भाजायला ४ मिनिटं, तवा खरवडायला १ मिनिट. तासाला १२ फेऱ्या, कागदावर १४४ पॅटी. आता पाव त्याच तव्यावर शेकायचा म्हटल्यावर अर्धी जागा गेली, उरल्या ७२. ऑर्डरी कधीच बाराच्या गठ्ठ्याने येत नाहीत, मध्ये कोणी 'कांदा नको' म्हणतं, कोणी सुटे पैसे शोधत बसतं. त्यामुळे प्रत्यक्षात कागदी आकड्याचे साठेक टक्के धरा, म्हणजे तासाला ४५च्या आसपास. दर ८० सेकंदाला एक प्लेट. खिडकीवरच्या माणसाला ऑर्डर घेणं, पैसे घेणं आणि प्लेट देणं यात मिनिटभर जातंच, म्हणजे दोघांचा वेग साधारण जुळतो. ही चांगली घडी आहे.

आता फ्रायर बघा. ८ लिटरच्या फ्रायरमध्ये साधारण सव्वासात किलो तेल बसतं, त्यात गोठवलेल्या फ्राइज एका वेळी १ किलोच्या वर टाकू नयेत. जास्त टाकल्या तर १८० अंशांचं तेल झपकन खाली येतं. पदार्थातली वाफ जोरात बाहेर पडत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही, तेल थंड पडलं की हा जोर ओसरतो आणि फ्राइज तेलकट, मऊ होतात. गर्दीत घाई करून बास्केट भरली की नेमकं हेच होतं. १ किलोची फेरी ४ मिनिटं, तेल परत तापायला २ मिनिटं, म्हणजे तासाला १० फेऱ्या. फेरीमागे पाच प्लेट धरल्या तर ५०. पण फ्राइड चिकन त्याच फ्रायरमध्ये टाकलंत तर एक फेरी तापण्यासकट १० मिनिटं खाते. तासाला चिकनच्या दोन फेऱ्या केल्या की फ्राइजच्या ५० प्लेटच्या ३० होतात. त्यावर नूडल्स आणि राइस आले, म्हणजे तिसरी शेगडी, आणि ती चालवायला तुमच्यापैकीच एकाने तवा सोडायचा.

म्हणून आमचं स्पष्ट मत : बर्गर दोन प्रकारचे, फ्राइज, सॅलड आणि एक पेय. पाचच. दोन्ही बर्गरना पाव, सॉस, भाज्या त्याच, सॅलडलाही त्याच भाज्या. नूडल्स-राइसची जोडी तुम्हाला जास्त प्रिय असेल तर ती ठेवा आणि बर्गर सोडा, तेही चालेल. दोन्ही कुळं एका ट्रकात नकोत. सूप तर नकोच. ते दिवसभर गरम ठेवायला वेगळं उपकरण लागतं आणि गाडी हलताना ते सांडतं. एखादा पदार्थ मेनूत ठेवायचा की नाही हे ठरवताना दोनच गोष्टी विचारा : त्याला स्वतःपुरतं वेगळं उपकरण लागतं का, आणि त्यातला एखादा जिन्नस दुसऱ्या कशातच वापरला जात नाही का? दोन्हींना 'हो' असेल तर तो पदार्थ काढा. बर्गरसोबतच्या फ्राइज एवढाच अपवाद.

याचा पैशाशी थेट संबंध आहे, म्हणून तुमचा प्लेटचा प्रश्न इथेच सोडवू. प्लेटची किंमत १०० भाग धरा. कच्चा माल ३२, डबा-चमचा-कागद ६, गॅस आणि जनरेटरचं इंधन ५, नासाडी ३, पैसे घेण्याच्या यंत्राचं कमिशन २. एकूण ४८ गेले, हाती उरले ५२. कच्च्या मालाचा हिशेब विकत घेतलेल्या वजनावर करू नका, सोलून, निवडून, शिजवून ताटात जे पडतं त्या वजनावर करा. पॅटी भाजताना पाव हिस्सा वजन सहज घटतं, आणि इथेच पहिल्या महिन्याचे हिशेब चुकतात.

आता महिन्याचा ठराविक खर्च काढा : कर्जाचा हप्ता, जागेचं भाडं, गाडीबाहेर आधीची तयारी करण्याच्या किचनचं भाडं, विमा, परवान्यांचा महिन्याचा वाटा, गाडीची देखभाल आणि तुम्हा दोघांचा पगार. पगार नक्की धरा, नाहीतर फुकट राबून धंदा नफ्यात आहे असं वाटत राहील. समजा हा खर्च एका प्लेटच्या किमतीच्या ५२० पट आला. ५२०ला १००ने गुणा, ५२ने भागा, म्हणजे महिन्याला १,००० प्लेट विकल्यावर ना नफा ना तोटा. महिन्यात २० दिवस धंदा झाला तर रोज ५०. पाऊस, दुरुस्ती किंवा आजारपणात पाच दिवस बुडाले तर रोज ६७. तासाला ४५ प्लेटचा वेग असेल तर दोन तासांच्या गर्दीत ९० निघतात, ६७ आवाक्यात आहेत. अकरा पदार्थांमुळे वेग २५वर आला तर दोन तासांत जेमतेम ५० निघतील. रांग लागलेली असूनही तुम्ही फक्त बरोबरीला याल. स्वतःचे आकडे घालून हे गणित दोघांनी एकत्र बसून करा, आणि गाडीशिवाय किमान तीन महिन्यांच्या ठराविक खर्चाएवढी रक्कम बाजूला राहते का ते बघा. राहत नसेल तर स्वस्त गाडी शोधा किंवा थांबा.

विजेकडे येऊ. प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचे वॉट लिहून काढा. तुमच्यासारख्या किचनमध्ये ओट्याखालचा फ्रिज २०० वॉट, फ्रीजर २५०, एक्झॉस्ट पंखा ३००, पाण्याचा पंप ६०, दिवे ५०, बिलिंगचं यंत्र आणि प्रिंटर ६०. हे झाले ९२० वॉट. मिक्सर मध्येमध्ये चालतो, ७५० वॉट. एकूण १,६७०. फ्रिज-फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू वापराच्या कितीतरी पट वीज ओढतो, चौपट धरली तर फ्रीजरसाठी ७५० वॉट अधिक लागतात. झाले २,४२०. जनरेटर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच चालवावा, म्हणून २,४२०ला ०.८ने भागा : ३ किलोवॉटच्या थोडा वर. तुम्हाला सव्वातीन-साडेतीन किलोवॉटचा जनरेटर पुरेल, पण तवा, फ्रायर आणि गरम ठेवण्याची भांडी गॅसवर असतील तरच. विजेवरचा एक साधा फ्रायरही एकटाच ३ किलोवॉट खाऊ शकतो.

विकत घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. तो बहुतेकदा कमाल क्षमतेचा असतो, काही सेकंदांपुरता. 'सतत' क्षमतेचा आकडा मागा. आकडा केव्हीएमध्ये असेल तर ०.८ने गुणून किलोवॉट धरा. जनरेटरचा धूर खिडकीकडे किंवा रांगेकडे जाता कामा नये, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला वास नसतो, डोकेदुखी आणि गरगरणं उन्हाचं किंवा दमल्याचं समजून माणूस काम करत राहतो. जागेवर बाहेरून वीज मिळणार असेल तर त्या जोडणीला विजेची गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं स्विच आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय वायर लावू नका. ओली फरशी आणि चहूबाजूंनी पत्र्याची गाडी, इथे शॉक जिवावर बेततो.

फ्रिजबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नव्या ट्रकमध्ये सर्वांत आधी रडवतो तो हाच. घरगुती फ्रिज ठराविक हवामानासाठी बनवलेले असतात. आतल्या किंवा मागच्या पाटीवर एन, एसटी किंवा टी अशी खूण असते. एन म्हणजे भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८, टी ४३. तव्याशेजारी, पत्र्याच्या छताखाली दुपारी ४५ अंश सहज होतात. एन खुणेचा फ्रिज तिथे अखंड घरघरत राहतो, आत ५ अंश कधीच गाठत नाही, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून व्यावसायिक, जास्त तापमानासाठी बनवलेला फ्रिज घ्या, तवा-फ्रायरपासून दूर बसवा, कॉम्प्रेसरच्या बाजूला १० सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा. खाली रबराचे पॅड आणि बाजूने लोखंडी पट्टी लावून तो जखडा, नाहीतर धक्क्यांनी पाइप सैल होतात. दरवाज्याला प्रवासासाठी वेगळी कडी लागेल. दारातल्या डिजिटल आकड्यावर विसंबू नका, आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दोन तासांनी वाचा.

गॅसचं गणितही असंच. १ किलो एलपीजीतून साधारण १३ किलोवॉट-तास उष्णता मिळते. तवा ८ किलोवॉट आणि फ्रायर १२, एकूण २०. पूर्ण जोरात चालले तर तासाला दीड किलोच्या वर गॅस. थर्मोस्टॅट मध्येमध्ये आच कमी करतो, सरासरी साठेक टक्के धरले तर ०.९ किलो, पाच तासांना साडेचार. पण एक सिलिंडर पुरेल असं समजू नका. गॅस जोरात ओढला की आतलं द्रव उकळून स्वतःच थंड होतं, सिलिंडरच्या बाहेर दव किंवा बर्फ धरतं, दाब उतरतो आणि भर गर्दीत तव्याची आच मंदावते. सिलिंडर मात्र अर्धा भरलेला असतो. दोन सिलिंडर एकत्र जोडा म्हणजे ओढ वाटली जाते. याशिवाय एक भरलेला राखीव ठेवा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचं कपाट फक्त बाहेरून उघडणारं, किचनच्या बाजूने पूर्ण बंद आणि तळाशी हवा जाण्याची भोकं असलेलं हवं. सिलिंडर उभेच आणि पट्ट्याने बांधलेले, कारण आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतं. गॅसचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर लावा, कार्बन मोनॉक्साइडचा नाकाच्या उंचीला. प्रत्येक बर्नरला आच विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय पाहिजे. खिडकीतून वाऱ्याची झुळूक येते आणि मंद आच विझते, हे इथे रोज होणार. सिलिंडर बदलला की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून कधीही नाही. गाडी हलण्याआधी गॅस सिलिंडरवरूनच बंद.

फ्रायर आणि उघडी आच यांच्यात ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये किमान २० सेंटिमीटर उंचीची स्टीलची पट्टी आड म्हणून उभी करा. तेलाच्या आगीसाठी वेट केमिकल अग्निशामक घ्या. तो फ्रायरच्या डोक्यावर नको, दाराजवळ लावा, कारण आग लागल्यावर आगीतून हात घालून तो काढता येत नाही. फ्रायरचं झाकण हाताशी ठेवा. गॅस बंद, झाकण वर, हे दोघांच्याही हातात बसलं पाहिजे. जळत्या तेलावर पाणी टाकलं की ते क्षणात वाफ होऊन पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. आणि गरम तेल फ्रायरमध्ये ठेवून गाडी चालवायची नाही. घाई असली तरी थंड करून, काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात.

पाणी. दोघांनी तासाला सहा-सहा वेळा हात धुतले, दर वेळी लिटरभर धरलं, तर पाच तासांत ६० लिटर. भांड्यांना ३५, पुसायला आणि सांडलवंडीला १५. म्हणजे ११०, टाकी १२० लिटरची घ्या. सांडपाण्याची टाकी १५ टक्क्यांनी मोठी, म्हणजे १४० लिटरची असावी. पुष्कळ ठिकाणी तसा नियमच असतो. वितळलेला बर्फ, उरलेली पेयं आणि पुसण्याचं पाणी शेवटी तिथेच जातं. हात धुण्याचं बेसिन भांड्यांच्या बेसिनपासून वेगळं, साबण आणि कागदी रुमालासकट. भांड्यांसाठी तीन खण : घासणे, खळबळणे, निर्जंतुक करणे. तिसऱ्या खणासाठी ५ टक्क्यांचं क्लोरीन ब्लीच ५ लिटर पाण्यात १० मिलिलिटर टाकलं की दहा लाखात १०० भाग क्लोरीन मिळतं, तेवढं पुरतं. त्यात ग्रीस तरंगायला लागलं की पाणी बदला, कारण घाणीत क्लोरीनची ताकद संपते. सांडपाणी नेमकं कुठे ओतायचं, याचं उत्तर पहिल्या दिवसाआधी ठरलेलं हवं.

आता सगळ्याचं वजन. फ्रायर ४० किलो, तवा ४५, फ्रीजर ६०, फ्रिज ७०, स्टीलचे ओटे आणि बेसिनं १००, धूर ओढणारा हूड ५०, जनरेटर ५०, राखीव धरून तीन सिलिंडर ९०, पाणी १२०, माल १२०, तेल आणि किरकोळ १५, तुम्ही दोघं १३०. झाले ८९०. भिंती, फरशी, छताचं अस्तर आणि खिडकीची झडप यांचे ४०० धरा. सव्वा टनाहून जास्त! गाडीच्या कागदांवर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच लादता येतं. म्हणून ती जुनी गाडी वजनकाट्यावर न्या, आणि पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा तोला. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल जास्त भरलेला असू शकतो. जड उपकरणं मागच्या चाकांच्याही मागे गेली असतील तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक नीट पकडत नाहीत. सगळा ओटा एकाच कुशीला असेल तर गाडी कायमची तिरकी बसते. पाण्याच्या दोन्ही टाक्या एक्सलजवळ हव्यात, कारण दिवसभरात १०० किलो वजन एका टाकीतून दुसरीत सरकतं.

जुन्या गाडीत अजून काय बघायचं? खाली वाकून चेसिस बघा, विशेषतः सांडपाण्याच्या टाकीभोवती. मीठ-तेलाच्या पाण्याने तिथला गंज आधी सुरू होतो, वरून रंग मारलेला असतो, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष : २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. फार कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे असतात. इंजिन तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवलेलं असेल तर ते थंड असताना कसं सुरू होतं ते बघायला दुसऱ्या दिवशी परत जा. छतावर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत कोपरे बघा. सगळी उपकरणं एकाच वेळी, सलग दोन तास चालवायला सांगा. फ्रिज एकटा चालतोच, सगळं चालू असताना ५ अंश धरतो का, ते कळायला हवं. मालक याला तयार नसेल तर उत्तर मिळालं असं समजा.

आत दोघं एकमेकांच्या मागून जाऊ शकतील अशी ७५ ते ९० सेंटिमीटरची वाट लागते. माल फ्रिजमधून तव्याकडे, तिथून बांधणीच्या ओट्यावर, तिथून खिडकीत, असा एकाच दिशेने सरकला पाहिजे. कोणी कोणाला ओलांडत असेल तर गर्दीत चटका बसणारच. ऑर्डर देण्याची जागा आणि प्लेट घेण्याची जागा खिडकीच्या दोन टोकांना ठेवा. खिडकी रहदारीच्या उलट्या बाजूला उघडते ना, हे न विसरता बघा. आणि जमिनीवर उभं राहून तिची उंची मोजा : गाडीची फरशी जमिनीपासून ८० सेंटिमीटर आणि आतला ओटा ८५ असेल तर प्लेट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येते. बाहेरची फळी सव्वाशेच्या आत हवी.

परवान्यांचे नियम ठिकाणागणिक बदलतात, पण गठ्ठे चारच असतात : अन्नाचा परवाना, गाडीतल्या बदलाची नोंद, उभं राहण्याची परवानगी आणि आग-गॅसची तपासणी. जुन्या गाडीतलं किचन कागदोपत्री नोंदवलेलं नसेल तर विमा कंपनी नेमका दाव्याच्या वेळी हात वर करते. विम्यात गाडीबरोबर आतला स्वयंपाक आणि गिऱ्हाइकाला होऊ शकणारी इजा, दोन्ही आल्याचं लेखी घ्या. नवीन किचन बांधून घेणार असाल तर आधी नकाशा तपासणाऱ्यांना दाखवा, मग पत्रा कापा. जागेची परवानगीही लेखीच. जागा निवडताना कामाच्या एका दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी, जेवणाच्या वेळेत तिथे उभं राहून पायी जाणारी माणसं मोजा. धावत्या गाड्या मोजू नका, त्या थांबत नाहीत. जमीन सपाट आहे का हेही बघा. चढावर फ्रायरमधलं तेल एका कडेला येतं आणि बेसिनचं पाणी उलटं साचतं. चाकाखालच्या पाचरी आणि एक पाणसळ गाडीत कायम ठेवा.

अन्नाच्या सुरक्षेबाबत तुम्ही हॉटेलात शिकलेलं सगळं इथेही लागू आहे, फक्त जागा कमी म्हणून सवलत घ्यावीशी वाटेल. ती घेऊ नका. थंड ते ५ अंशांच्या खाली, गरम ते ६०च्या वर. चिकन ठेवायचं ठरवलंत तर आतल्या गाभ्यात ७५ अंश. मधल्या तापमानात एकूण चार तास गेलेला पदार्थ टाकून द्या. आदल्या दिवशी शिजवलेलं काहीही ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. खोल पातेल्यात ते होत नाही, ५ सेंटिमीटर जाडीच्या थराने पसरट ट्रेमध्ये होतं. ट्रकच्या फ्रिजमध्ये गरम ट्रे ठेवला तर शेजारचा सगळा माल तापतो, म्हणून थंड करण्याचं काम तयारीच्या किचनमध्येच. राइस घेणार असाल तर जास्त काळजी घ्या. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

सगळं जुळलं की उद्घाटनाआधी दोन सराव करा. पहिला रिकाम्या हातांनी : गाडी जागेवर लावून फक्त उभारणी आणि आवराआवर, घड्याळ लावून. दुसरा खऱ्या माणसांवर : ओळखीच्या चाळीस जणांना एकाच तासात बोलवा, फुकट देऊ नका, निम्मी किंमत घ्या, म्हणजे पैसे घेण्याचाही सराव होतो. प्रत्येक चिठ्ठीवर ऑर्डर घेतल्याची आणि प्लेट दिल्याची वेळ लिहा. रात्री त्या चिठ्ठ्या पसरून सर्वांत उशिराच्या पाच बघा. त्या एकाच पदार्थाच्या असतील तर तो पदार्थ बदला, एकाच वेळच्या असतील तर तेव्हा कोण कशात अडकलं होतं ते आठवा. बहुतेकदा कारण छोटं असतं : सॉसची बाटली तव्याच्या पलीकडे, डब्यांची झाकणं वरच्या कपाटात.

एका पेटीत जादा फ्यूज, पाण्याचा पंप, नळाचे वायसर, रेग्युलेटर, गॅसचा तपासलेला पाइप, लायटर, थर्मामीटर, प्रिंटरचे रोल आणि भाजलेल्या जखमेचं प्रथमोपचार साहित्य ठेवा. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून चार दिवसच गाडी काढा आणि ५० प्लेटपुरताच माल भरा. लवकर संपला तर संपल्याची वेळ लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी दहा प्लेट वाढवा, त्याहून जास्त नको. रोज बंद करताना उरलेला माल, टाकलेला माल, सिलिंडरचं वजन आणि दोन्ही टाक्यांची पातळी एकाच वहीत नोंदवा. तिसऱ्या आठवड्यात त्या वहीतले आकडे वरच्या गणितात घाला, आणि मेनूत सहावा पदार्थ येऊ शकतो का हे तेव्हा ठरवा.